खाऱ्या पाण्याच्या नव्या मत्स्यपेटींतील शेवाळ

समुद्राच्या पाण्याची कांचेची मत्स्यपेटी नवी मांडली, कीं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत वाळूवर व कांचेवर तपकिरी साय धरूं लागते. मुलें हिरमुसतात, घरचीं वडील माणसें सारें पाणी ओतून पेटी घासावयास सांगतात. आमच्या मतें येथेंच घात होतो.

ही साय घाण नव्हे. ती डायाटम नांवाच्या एकपेशीय जीवांची वस्ती होय. त्यांचें कवच सिलिकेचें असतें; कांचही त्याच द्रव्याची. तें त्यांस नळाच्या पाण्यांतून व नव्या वाळूंतून मिळतें, आणि सरत आलें कीं साय बहुधा आपोआप ओसरते.

याच सुमारास पेटींत न दिसणारें एक काम चाललेलें असतें. कुजणाऱ्या अन्नापासून व माशांच्या उत्सर्गापासून अमोनिया होतो. कांहीं जिवाणू त्याचें नायट्राइट करितात, दुसरे त्याचें नायट्रेट. पहिलीं दोन्ही माशांस विषारी. हे जिवाणू दगडांवर व वाळूंत स्थिरावण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. पेटी घासून धुतली, तर ही उपकारक वस्तीही वाहून जाते. तोंवर मासे सोडण्याची घाई नको.

मग करावें काय? कांच मऊ फडक्यानें पुसावी. दिवा रोज ६ ते ८ तासच ठेवावा. पेटीवर ऊन येऊं देऊं नये. आटलेल्या पाण्याच्या जागीं खारें नव्हे, गोडें शुद्ध पाणी घालावें, कारण वाफ जाते व मीठ मागें राहतें. पुढें हिरवे तंतू वाढूं लागले, तर मात्र माशांस अन्न जास्त पडत आहे काय, तें प्रथम पाहावें.