आवाजाची रांगोळी

दारात ढोल वाजू लागला की घरातली भांडी खणखणतात. आवाज म्हणजे थरथर. ही थरथर डोळ्यांनी दिसेल का?

जर्मनीत क्लाडनी नावाचे गृहस्थ होते. त्यांनी ती दाखविली. धातूचा पातळ पत्रा मधोमध घट्ट बसविला. वर बारीक वाळू पसरली. मग सारंगीच्या गजासारखा गज पत्र्याच्या कडेवर ओढला. पत्रा वाजू लागला, आणि काय नवल! वाळूची रांगोळी झाली. पत्रा जिथे थरथरतो तिथून वाळू उडते. जिथे तो स्थिर असतो तिथे ती गोळा होते. सूर बदलला की नक्षीही बदलते. हे त्यांनी १७८७ साली पुस्तकात छापले.

पुढे १८०९ साली फ्रान्सच्या नेपोलियन बादशहाने पॅरिसमध्ये हा प्रयोग पाहिला. या नक्षीचे गणित मांडील त्याला बक्षीस जाहीर झाले. सोफी जर्मेन नावाच्या बाईंनी ते मनावर घेतले. तिथल्या मोठ्या विद्यालयात तेव्हा बायकांना प्रवेश नव्हता. बाई घरीच पुस्तके वाचून शिकल्या होत्या. १८११ साली त्यांनी उत्तर पाठविले. ते चुकले. १८१३ साली पुन्हा पाठविले. तेही अपुरे ठरले. तिसऱ्या खेपेस, १८१६ साली, बक्षीस त्यांनाच मिळाले.

आम्ही शाळेत मुलांना एक सोपा प्रयोग दाखवीत असू. तुम्हीही करून पाहा. गाडग्याच्या तोंडावर पातळ कागद ताणून बांधा. वर चिमूटभर रवा टाका. जवळच थाळी वाजवा. रवा टुणटुण उडेल.

आणि मंडळी, एकदोनदा चुकले म्हणून पाटी खाली ठेवू नका!