पक्षाशी मतभेद आणि राष्ट्रपतिपदाची उमेदवारी : १९६९ चा एक अभ्यास

राज्यशास्त्राच्या तासाला घटनेची ५४ व ५५ ही कलमे शिकविणे म्हणजे वर्गाला झोप आणण्याचा हमखास उपाय, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. निर्वाचकगण, एकल संक्रमणीय मत, मतमूल्य हे शब्द फळ्यावर लिहिले की निम्मा वर्ग खिडकीबाहेर पाहू लागतो. एकदा मात्र दर्यापूरकडून रोज एस. टी. ने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, "सर, पक्षाशी भांडलेल्या माणसाले राष्ट्रपती होता येते काय?" वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण हाच प्रश्न आमच्या घरात १९६९ साली चांगला पंधरवडाभर गाजला होता.

माझे वडील त्या वेळी अकोल्यास शिक्षक होते. ते कट्टर विदर्भवादी. ब्रिजलाल बियाणींची भाषणे त्यांनी मन लावून ऐकलेली. संयुक्त महाराष्ट्राचे नाव काढले की ते ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला कराराचा दाखला देत आणि "आमच्या गावात बसून दिलेला शब्द पाळला गेला नाही" असे म्हणत. असे असूनही १९६९ च्या ऑगस्टमध्ये ते मनाने चिंतामणराव देशमुखांच्या बाजूचे होते. आमच्या काकांना हे कोडे उलगडत नसे. ज्याने मुंबईसह महाराष्ट्राच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले, त्याचा अभिमान विदर्भवाद्याने का धरावा? वडिलांचे उत्तर ठरलेले असे : "त्यांचा प्रश्न मला मान्य नाही. पण खुर्ची सोडली, हे मान्य आहे."

हे उत्तर समजून घ्यावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे. चिंतामणराव हे आय. सी. एस. अधिकारी, त्यांची सुरुवातीची नोकरी आपल्याच मध्यप्रांत व वऱ्हाडात झाली. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५२ मध्ये कुलाब्यातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय व मुंबईतील गोळीबारांची चौकशी करण्यास दिलेला नकार या प्रश्नांवर त्यांनी १९५६ मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. याच मंत्रिमंडळात आणखी एक देशमुख होते, ते आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव. कृषिमंत्री म्हणून ते १९६२ पर्यंत मंत्रिमंडळात राहिले. एकाने सोडले म्हणून तो मोठा आणि दुसरा राहिला म्हणून तो लहान, असा निवाडा करण्यास मी तयार नाही. पंजाबरावांच्या मागे शेतकरी होता, १९३२ पासून उभी केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था होती, अमरावतीचा मतदार होता. चिंतामणरावांच्या मागे असे काही नव्हते. आणि ज्याच्या मागे काही नाही त्याला राजीनामा देणे सोपे जाते, ही गोष्टही विसरता कामा नये. वडिलांपुढे हे बोलण्याचे धैर्य मात्र मला कधी झाले नाही.

आता १९६९ कडे वळू. राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. गिरींना काँग्रेसची उमेदवारी मिळेल असे पुष्कळांस वाटत होते. परंतु जुलैमध्ये बंगलोर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली, तीत नीलम संजीव रेड्डी यांचे नाव बहुमताने ठरले. पंतप्रधान इंदिरा गांधींनी सुचविलेले जगजीवनराम यांचे नाव मागे पडले. येथे मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट म्हणजे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी पंतप्रधानांच्या विरुद्ध, म्हणजे रेड्डींच्या बाजूने मत दिले. नंतर पक्ष फुटला तेव्हा मात्र ते इंदिरा गांधींबरोबर राहिले. या दोन पावलांची संगती लावताना त्यांच्या चाहत्यांचीही तारांबळ उडते. मला विचाराल तर, बैठकीत मत एक आणि फुटीच्या वेळी निष्ठा दुसरी, हे राजकारणात जितके निंदले जाते तितके ते अस्वाभाविक नाही. घरातही असेच घडते.

गिरींपुढे दोन वाटा होत्या : गप्प बसणे, किंवा स्वतंत्र उभे राहणे. त्यांनी दुसरी धरली आणि २० जुलै रोजी पद सोडले. राष्ट्रपतिपदही रिकामे आणि उपराष्ट्रपतिपदही रिकामे, अशी वेळ प्रथमच आली. त्यासाठी त्याच वर्षी संसदेने कायदा करून ठेवला होता, म्हणून सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी राष्ट्रपतीचे काम पाहिले. या चार-पाच दिवसांतच मोरारजी देसाई यांच्याकडील अर्थखाते काढून घेण्यात आले आणि १९ जुलै रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. राष्ट्रपतीची निवडणूक हे या भांडणाचे मूळ नव्हते. ते भांडणाचे मैदान होते.

रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर खुद्द पंतप्रधानांची सही होती. पुढे काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी दुसऱ्या पसंतीच्या मतांविषयी बोलणी केली आणि पंतप्रधानांच्या गटास कारण मिळाले. सदस्यांनी सदसद्विवेकबुद्धीनुसार मत द्यावे, अशी हाक दिली गेली. 'अंतरात्म्याचा आवाज' हा शब्द तेव्हापासून आपल्या वर्तमानपत्रांत रूढ झाला. विरोधकांची ती दुसऱ्या पसंतीची मते ज्यांच्यामार्फत रेड्डींकडे जाणार होती, ते जनसंघ व स्वतंत्र पक्षाचे उमेदवार म्हणजे आमचे चिंतामणराव देशमुख. काँग्रेस सोडून तेरा वर्षे झालेला हा माणूस काँग्रेसच्याच अधिकृत उमेदवाराचा आधार ठरावा, यात एक विलक्षण विसंगती आहे. वडिलांना ती बोचत असे.

मतदान १६ ऑगस्टला झाले, मोजणी २० ऑगस्टला. ती संध्याकाळ मला आठवते : शेजाऱ्यांच्या रेडिओपुढे माणसे बसलेली आणि वडील हातात पेन्सिल घेऊन आकडे टिपताहेत. वाचकांनीही कागद घेऊन हे गणित करून पाहावे. पाठ्यपुस्तकाच्या दहा पानांपेक्षा त्यात अधिक शिकावयास मिळते. एकूण वैध मतमूल्य ८,३६,३३७. त्याचे निम्मे अधिक एक, म्हणजे ४,१८,१६९ हा कोटा. पंधरा उमेदवारांपैकी पहिल्या मोजणीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. गिरी सर्वांच्या पुढे, परंतु कोट्यास १६,६५४ ने कमी. मग खालचे उमेदवार एकेक करून बाद झाले, शेवटी देशमुखही बाद झाले, आणि त्या सर्वांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती वाटण्यात आली. बाद झालेल्या तेरा जणांची मिळून १,२१,२७४ मते होती. त्यांतील ९१,८७९ रेड्डींकडे गेली, केवळ १८,५६२ गिरींकडे, आणि १०,८३३ मतांवर पुढील पसंतीच नव्हती. शेवटचा हिशेब गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. गिरी कोट्याच्या वर अवघ्या १,९०८ ने.

वडिलांनी पेन्सिल खाली ठेवली व म्हणाले, "ज्यांनी पुढची पसंती लिहिली नाही, त्यांची मते सगळी रेड्डींना गेली असती तरी?" काकांनी बेरीज केली : ४,१६,२६०. तरीही गिरीच. त्यानंतर आमच्याकडे या विषयावर वाद झाला नाही. आजपावेतो दुसऱ्या पसंतीच्या मोजणीवर निकाल लागलेली राष्ट्रपतीची ही एकमेव निवडणूक होय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींना पक्षातून काढण्यात आले व काँग्रेस दुभंगली. चिंतामणराव पुन्हा कोणत्याही निवडणुकीस उभे राहिले नाहीत. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आमच्या अमरावतीस राष्ट्रपतिपदाचा मान मिळाला तो २००७ साली. प्रतिभाताई पाटील या शेखावत घराण्याच्या सूनबाई आणि १९९१ ते १९९६ या काळातील अमरावतीच्या खासदार. त्यांचे पक्षाशी भांडण नव्हते. भांडण दुसऱ्या बाजूस होते. शिवसेनेने आपल्या आघाडीची साथ सोडून मराठी उमेदवार म्हणून त्यांना मते दिली. विरोधी उमेदवार भैरोसिंहही शेखावतच, त्यामुळे शहरात 'कोणताही शेखावत निवडून आला तरी आपलाच' असा विनोद चाले. प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि भैरोसिंहांना ३,३१,३०६ मते मिळाली.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अगदी नेमके उदाहरण २०१२ चे आहे. पी. ए. संगमा हे शरद पवारांसमवेत राष्ट्रवादी काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक. पक्षाने त्यांच्या उमेदवारीस पाठिंबा नाकारला, तेव्हा त्यांनी पक्ष सोडला व निवडणूक लढविली. प्रणब मुखर्जींची ७,१३,७६३, संगमांची ३,१५,९८७. गिरींच्या वेळी पंतप्रधान पाठीशी होत्या. संगमांच्या वेळी तसे कोणी नव्हते. फरक इतकाच, आणि तो फार मोठा.

पुढच्या तासाला मी त्या मुलीस नियम सांगितले. या निवडणुकीत पक्षादेश बंधनकारक नसतो, मतदान गुप्त असते. म्हणजे भांडलेल्या माणसाला दार उघडे आहे. पण १९६९ मध्ये नसलेली एक अट १९७४ मध्ये आली आणि १९९७ मध्ये कडक झाली : अर्जावर ५० सूचक व ५० अनुमोदक हवेत, तेही खासदार किंवा आमदार. तिने वहीत हिशेब मांडला. अमरावती जिल्ह्याचे ८ आमदार, अकोल्याचे ५, प्रत्येकाच्या मताचे मूल्य १७५, एकूण २,२७५.

"सर, आपल्या दोन्ही जिल्ह्यांतले सगळे तेरा जरी सह्या कराले तयार झाले," ती म्हणाली, "तरी सत्त्याऐंशी कमी पडतात."

एवढ्यात तास संपल्याची घंटा झाली.