वृत्तपत्राचे नाव आणि वृत्तपत्राची भाषा : ‘ओ हेराल्दो’च्या निमित्ताने

नियतकालिकांचा इतिहास लिहिताना अभ्यासक सामान्यतः नाव, स्थापनेचे वर्ष आणि बंद पडल्याचे वर्ष यांची नोंद करतो. या दोन वर्षांमधील अंतर म्हणजे त्या नियतकालिकाचे आयुष्य, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक कितपत ग्राह्य आहे, याचा विचार गोव्यातील ‘ओ हेराल्दो’ या दैनिकाच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. पार्श्वभूमी

भारतातील पहिले मुद्रणालय १५५६ मध्ये गोव्यात आले. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये तेथेच रोमन लिपीत छापले गेले. म्हणजे मराठी ग्रंथमुद्रणाच्या आरंभीच भाषा एक आणि लिपी दुसरी, अशी स्थिती होती. पुढे तेथील मुद्रण दीर्घकाळ थंडावले. १८२१ मध्ये ‘गाझेता द गोवा’ हे सरकारी पत्र सुरू झाले आणि १८५९ मध्ये मडगावहून ‘ओ उल्त्रामार’ हे खासगी साप्ताहिक निघू लागले. दोहोंची भाषा पोर्तुगीज होती. राज्यकारभार आणि शालेय शिक्षण यांची भाषा हीच असल्यामुळे सार्वजनिक वादाचीही भाषा हीच झाली.

२. त्र्याऐंशी वर्षांचे पोर्तुगीज दैनिक

या परंपरेतून प्रा. मेसियश गोमिश यांनी २२ जानेवारी १९०० रोजी ‘ओ हेराल्दो’ सुरू केले. हे गोव्यातील पहिले दैनिक होय. त्याच्या पुढील वाटचालीत पोर्तुगालमधील तीन राजवटी येऊन गेल्या. १९१० मध्ये राजेशाही संपून प्रजासत्ताक आले, तेव्हा मुद्रणस्वातंत्र्य विस्तारले आणि गोव्यातील हिंदूंनाही समान नागरी हक्क मिळाले. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ हे १९१२ मधील पत्र याच मोकळ्या वातावरणातले. त्यात मराठीबरोबर पोर्तुगीज मजकूरही असे. १९२६ च्या लष्करी उठावानंतर आणि पुढे सालाझारच्या राजवटीत वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली. या काळातील कोणत्याही गोमंतकीय दैनिकाचे मौन वाचताना हे बंधन ध्यानात ठेवावे लागते. न छापलेला मजकूर हा नेहमीच संपादकाच्या मताचा पुरावा नसतो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली. सत्तेबरोबर तिची भाषाही लगेच संपली असेल, असा आपला तर्क होतो. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. ‘ओ हेराल्दो’ त्यानंतरही जवळजवळ बावीस वर्षे पोर्तुगीजमध्येच निघत राहिले. सत्ता एका दिवसात जाते. वाचक मात्र पिढीच्या गतीने जातो. पोर्तुगीज शाळांत शिकलेली पिढी हयात होती, तोवर दैनिकाला आधार होता. त्या शाळा राहिल्या नाहीत, तेव्हा नव्या वाचकाची भरती थांबली. मार्च १९६२ मध्येच ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक सुरू झाले होते आणि इंग्रजी शिक्षणाचाही विस्तार होत होता. अखेर १९८३ मध्ये ‘ओ हेराल्दो’ इंग्रजी झाले. शीर्षक मात्र पोर्तुगीजच राहिले.

३. आयुष्य कोणाचे मोजावयाचे?

येथे मूळ प्रश्न उपस्थित होतो. १९०० पासूनचे अखंड दैनिक म्हणून ‘ओ हेराल्दो’ची नोंद करावी, की त्र्याऐंशी वर्षांचे पोर्तुगीज दैनिक आणि त्यानंतरचे इंग्रजी दैनिक अशा दोन नोंदी कराव्यात? पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ शेजारी ठेवले म्हणजे हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. १८४९ मध्ये निघालेले हे पत्र शंभर वर्षांहून अधिक काळ चालून विसाव्या शतकाच्या मध्याला बंद पडले. तेथे नाव गेले. त्याची भाषा आणि तिचा वाचक इतर पत्रांकडे वळले. ‘ओ हेराल्दो’च्या बाबतीत नाव उरले, भाषा गेली. आपल्या रूढ नोंदपद्धतीत पहिला मृत्यू दिसतो, दुसरा दिसत नाही.

अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी असलेल्या कौंडण्यपूरचे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांना जवळचे वाटेल. नरेंद्राच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तील भीमकाची राजधानी ती हीच, अशी परंपरा आहे. मो. गं. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा वेगवेगळ्या काळांतील वस्तीचे थर मिळाले. ठिकाण एक, वस्त्या अनेक. स्थळाचे सातत्य मान्य करूनही उत्खनक प्रत्येक थराची स्वतंत्र नोंद करतो. नियतकालिकांच्या अभ्यासकानेही तेच करावयास हवे.

४. निष्कर्ष

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, नियतकालिकाच्या नोंदीत नावाबरोबरच भाषा, लिपी आणि वाचकवर्ग यांतील बदलांची वर्षे स्वतंत्रपणे दिली पाहिजेत. भाषावार सूचीत ‘भारत’सारखी बहुभाषिक पत्रे अर्धीच दिसतात. १८३२ चे ‘दर्पण’ही इंग्रजी-मराठी असे द्विभाषिक होते, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट मराठीच्या अध्यापकांना अधिक अस्वस्थ करणारी आहे. जुन्या नावाचे दैनिक रोज दारात पडते, एवढ्यावरून त्याची भाषा सुरक्षित आहे असे ठरत नाही. भाषेला वाचक शाळेतून मिळतो. ‘ओ हेराल्दो’च्या पोर्तुगीज पर्वाची अखेर १९८३ मध्ये नोंदली गेली, तिचे कारण मात्र त्याआधी दोन दशके वर्गखोल्यांतून घडत होते. मराठी वृत्तपत्रांच्या भवितव्याचा विचार करणाऱ्याने म्हणून खपाच्या आकड्यांपूर्वी पहिलीच्या वर्गाचा हजेरीपट पाहावा.