अर्जात मोजमाप हवे

जिल्ह्याच्या ठिकाणी पदार्थविज्ञानाचे अध्यापन करताना शिफारसपत्रे लिहिण्याचे काम माझ्याकडे वर्षानुवर्षे येत राहिले आहे. अणुविज्ञानातील उन्हाळी संशोधनासाठी आमच्या विद्यार्थ्यांनी धाडलेले जे अर्ज या काळात माझ्या नजरेखालून गेले, त्यांतील बरेचसे अर्जदाराच्या बुद्धीत उणीव होती म्हणून नव्हे, तर अर्जातील मजकूर पोकळ होता म्हणून नामंजूर झाले, असे माझे ठाम मत आहे.

एका विद्यार्थिनीची हकीगत सांगतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातली, वर्गात पहिली येणारी ही मुलगी. वरच्या वर्गातील कोणाचा तरी मसुदा समोर ठेवून तिने अर्ज लिहिला. त्यात प्रारंभी डॉ. होमी भाभा, मग ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे कार्यान्वित झालेली 'अप्सरा' अणुभट्टी, त्यानंतर राष्ट्राचे ऊर्जास्वावलंबन आणि अखेरीस बालपणापासूनची विज्ञानाची आवड, असा क्रम होता. यातील प्रत्येक वाक्य खरे होते. परंतु देशातील कोणत्याही विद्यार्थ्याच्या अर्जात ते जसेच्या तसे बसले असते, आणि अशा शेकडो अर्जांतून मोजकी नावे निवडणाऱ्याला तिचेच नाव निवडण्यास त्यात काहीच आधार नव्हता. त्यात भर म्हणून गुणपत्रक साक्षांकित करून देण्याच्या कामी दफ्तरात हयगय झाली. आणि ज्या वरिष्ठांनी तिला प्रयोगशाळेत काम करताना कधी पाहिले नव्हते, त्यांनी साऱ्या इच्छुकांना एकच पत्र, केवळ नाव बदलून, देऊन टाकले. अर्ज मुदतीच्या अखेरच्या दिवशी रवाना झाला आणि त्यातून काहीच निष्पन्न झाले नाही. तिच्या डोळ्यांतील निराशा मला फार लागली.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही उसाच्या पिकाला घालतात ते पोटॅश घेऊन बसलो. हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. आणि निसर्गातील पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी समस्थानिक शेकडा ०.०१२ इतक्याच अल्प प्रमाणात असला, तरी एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदास सुमारे ३१ अणुकेंद्रांचे विघटन होत असते, व त्यातून बाहेर पडणारे बीटा कण महाविद्यालयातील साध्या गायगर-म्यूलर गणकालाही टिपता येतात. तिने खताचा थर थोडाथोडा वाढवीत गणना घेतली. प्रथम गणना वाढली. मग थर कितीही जाड केला तरी ती वाढेना, कारण खालच्या भागातून निघालेले कण वरच्याच थरात शोषले जात होते. हे तिला पुस्तकात वाचून ठाऊक नव्हते. आलेखाची रेषा आडवी पडलेली पाहून ती दोन दिवस अस्वस्थ होती, आणि उत्तर तिने स्वतःच शोधून काढले. या अस्वस्थतेचे मोल मला कोणत्याही पदकाहून अधिक वाटते. शंभर कण मोजले तर सांख्यिकीय अनिश्चितता शेकडा दहा आणि दहा हजार मोजले तर शेकडा एक, हा वर्गमुळाचा नियमही रिकाम्या पात्राची गणना वजा करता करता तिच्या अंगवळणी पडला.

नव्या अर्जात तिने हेच लिहिले: काय मोजले, किती अनिश्चिततेने मोजले, आणि कोठे थांबावे लागले. पोटॅशियम-४० मधून निघणाऱ्या १४६१ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा आमच्या गणकाला ओळखता येत नाही. त्यासाठी सोडियम आयोडाइडचा किंवा जर्मेनियमचा शोधक लागतो आणि तो आमच्याकडे नाही. आपल्या प्रयोगशाळेची सीमा अशी नेमकी दाखविली, की ती ओलांडण्यासाठी दुसऱ्या प्रयोगशाळेत जाण्याची मागणी आपोआपच रास्त ठरते. तो अर्ज मंजूर झाला.

अर्ज कोठे करावा, याचाही विचार आधी व्हावा. बंगळूर, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती चालवितात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पाहुण्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कार्यक्रम असतो. त्या संस्थेच्या कुलाबा येथील आवारात १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन त्वरक आहे. तेथे ऋणभारित आयन मधल्या धन अग्राकडे ओढले जातात, कार्बनच्या पातळ पापुद्र्यातून जाताना आपले इलेक्ट्रॉन गमावून धनभारित होतात आणि त्याच व्होल्टतेचा दुसऱ्यांदा लाभ घेत पुढे धाव घेतात. ज्या यंत्रावर काम करण्याची इच्छा आपण लिहितो, त्याच्याविषयी एवढे तरी अर्जदारास समजावून सांगता आले पाहिजे. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेने अणुकेंद्रांची माहिती सर्वांना विनामूल्य खुली ठेवली आहे. ती चाळण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. मात्र त्याच देशाच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या खर्चाने चालणारे पदवीपूर्व संशोधन कार्यक्रम तेथील नागरिक व कायम रहिवासी यांच्यापुरतेच असतात, ही अट न वाचता आमची मुले त्या अर्जांमागे दिवाळीची सुट्टी खर्ची घालतात, याचे मला दुःख होते.

मुदतींचे म्हणाल तर उन्हाळ्यातील कामाचे अर्ज हिवाळ्यातच मागविले जातात. म्हणून गुणपत्रक व दाखले यांसाठी दफ्तरात दरखास्त गणेशोत्सवाच्या सुमारास द्यावी आणि तगादा लावण्यास संकोचू नये. शिफारसपत्रासाठी मोठ्या पदाच्या मागे न लागता, आपली चुकलेली जोडणी ज्यांनी पाहिली आहे आणि ती दुरुस्त करतानाही ज्यांनी पाहिले आहे, अशा अध्यापकांकडे जावे, मग ते हंगामी नेमणुकीवर का असेनात. जाताना अर्जाचा मसुदा, पत्र पोचविण्याची अखेरची तारीख आणि प्रयोगाची मूळ वही सोबत न्यावी. सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेली वही माझ्या उपयोगाची नसते. जिच्यात खाडाखोड आहे, फसलेली गणना आहे आणि तिच्यापुढे फसण्याचे कारण लिहिले आहे, त्याच वहीतील एखाद्या पानाचा हवाला देऊन मी पत्राचा पहिला परिच्छेद लिहितो.