चूर्णाची डबी : तिचा उपयोग व तिची मर्यादा

आपल्या व्यापारी बंधूंच्या गादीजवळ जमाखर्चाच्या वहीबरोबर चूर्णाची एक डबी बहुधा असतेच. हंगामात मानपुराच्या बाजारात गव्हाची आवक सुरू झाली म्हणजे दुपारच्या जेवणाची वेळ टळते. सायंकाळी सूर्यास्तापूर्वी आटोपले पाहिजे म्हणून दाल-बाफल्यांचे ताट घाईघाईने संपविले जाते आणि लागलीच पुन्हा हिशेबास बसणे होते. मग पोट जड होते, ढेकरा येऊ लागतात आणि हात आपोआप डबीकडे वळतो. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे घाऊक व्यापारी आहोत. तथापि या डबीचा गुण आम्ही अनुभविला आहे आणि तिच्यावर भलताच भरवसा ठेवण्याचे फळही भोगले आहे. म्हणून हे चार शब्द.

आयुर्वेदाने जठराग्नीचे चार प्रकार मानले आहेत : मंद, तीक्ष्ण, विषम आणि सम. पोटाची तक्रार एकच दिसली तरी तिचे कारण एक नसते. गव्हाचा भाव आपण हरभऱ्यास लावीत नाही. त्याप्रमाणे एका तक्रारीचे चूर्ण दुसरीस लावू नये, हा पहिला धडा होय.

हिंगाष्टक चूर्णात हिंग, सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा किंवा अजमोदा, सैंधव, जिरे व शहाजिरे ही आठ द्रव्ये असतात. भूक मंद होऊन पोटात वारा धरत असेल तर हे योग्य. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर तुपात कालवून ते घ्यावे, असा शास्त्राचा संकेत आहे. पुष्कळ लोक ते जेवणानंतर घेतात, परंतु अग्नी चेतवावयाचा तो अन्न पडण्यापूर्वी, हे सहज पटण्याजोगे आहे. मात्र ज्यांच्या छातीत जळजळ होते व आंबट पाणी येते, त्यांनी या तिखट द्रव्यांपासून दूर राहावे. त्यांच्यासाठी वैद्य अविपत्तिकर चूर्ण देतात. त्यातही दोन गोष्टी ध्यानात असाव्यात : त्यात साखर पुष्कळ असते, म्हणून मधुमेही माणसाने विचारूनच घ्यावे, आणि त्यात निशोत्तर हे रेचक असते.

त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा व आवळा, बी काढून समभाग. रात्री निजताना ते कोमट पाण्याबरोबर घेण्याची चाल आहे. आपल्यापैकी जे चौविहार पाळतात त्यांनी सूर्यास्तापूर्वीच घ्यावे. तसेच वैद्याने अनुपान म्हणून मध सांगितल्यास आपला नियम त्यांस मोकळेपणाने सांगावा; ते कोमट पाणी, तूप किंवा ताक सुचवितात. लवणभास्कर रुचकर खरे, पण नावाप्रमाणेच त्यात निरनिराळी लवणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. ज्यांस रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी हे चूर्ण मुखशुद्धीप्रमाणे वारंवार चाखू नये.

पंचसकार चूर्णाविषयी विशेष सांगणे आहे. त्यात सोनामुखी असते. ती आतड्यास चाळवून रेच घडविते. एखाद्या वेळी ठीक. पण आठवडेच्या आठवडे घेतल्यास आतड्यास सवय जडते व शरीरातील क्षार कमी होतात. गर्भवती स्त्रीस आणि लहान मुलास ते घरच्या घरी मुळीच देऊ नये. इसबगोल सौम्य आहे, पण ते भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे. कमी पाण्यात ते फुगून घशात किंवा आतड्यात अडकते.

आता मालाविषयी, जो आमचा प्रांत आहे. मिरी पाण्यात टाकून पाहावी. पपईचे बी मिसळले असेल तर ते बहुधा वर तरंगते. जिरे तळहातावर चोळावे. हात काळा झाला तर रंगविलेल्या गवती बियांची भेसळ समजावी. बाजारातील बांधणी हिंगात मैदा किंवा डिंक असतो, म्हणून ज्यांस गहू सोसत नाही त्यांनी वेष्टन वाचावे. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते असे शार्ङ्गधराचे मत आहे. आजच्या बंद डब्यांवर याहून लांब मुदत छापलेली असते, तरी उघडलेला डबा वर्षभर ठेवू नये. मीठ असलेली चूर्णे पावसाळ्यात ओल ओढून घेतात व त्यांचे गोळे होतात. ओला माल आपण कोठारात ठेवीत नाही, मग पोटात कसा ठेवावा? आयुर्वेदीय औषधांसही १९४० च्या औषध कायद्याची, पुढे १९६४ च्या दुरुस्तीने जोडलेली, बंधने आहेत. म्हणून उत्पादकाचा परवाना क्रमांक व तयार केल्याची तारीख नसलेली पुडी घेऊ नये.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी हाती धरली ती सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन हंगामात आमच्या थोरल्या बंधूंस जेवणानंतर छातीत दाटून आले. त्यांस घाम सुटला होता. "वारा धरला आहे," असे ते म्हणाले व आम्हीही तेच मानले. हिंगाष्टक दिले, तासाभराने पुन्हा दिले. एक ढेकर आली, तेवढ्यावर आम्ही समाधान मानले. डावा हात जड झाल्याचे त्यांनी सांगितले तेव्हा कोठे गाडी काढली. महू ओलांडून इंदूर गाठीपर्यंत बराच काळ लोटला होता. तो हृदयविकाराचा झटका होता. बंधू वाचले, पण हृदयाचा जो भाग निकामी झाला तो परत आला नाही. त्यानंतर त्यांना पुन्हा गादीवर बसता आले नाही. चूर्ण खोटे नव्हते, ते देणारे आम्ही चुकलो. व्यवहारात उधारी वसूल होते, गेलेले चार तास वसूल होत नाहीत.

यासाठी आमच्या घरी आता डबीवर एक कागद चिकटविला आहे. छातीत दडपण, घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर चूर्ण नाही, १०८ क्रमांकास दूरध्वनी. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात ही लक्षणे अस्पष्टही असतात. पोटात एकाएकी तीव्र दुखून ताप आला असेल तर रेचक देऊ नये. आंत्रपुच्छाचा दाह असल्यास ते घातक ठरते. काळा शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडखळणे, कारणाविना वजन घटणे किंवा पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत झालेला पालट यांसाठी डॉक्टरांकडेच जावे. नित्य औषधे चालू असतील तर चूर्ण घेत असल्याचे त्यांस लपवू नये.

शेवटी, आपल्या पूर्वजांनी बाह्य तपांत ऊनोदरी सांगितली आहे, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी. तिला दाम पडत नाही व तिची मुदतही संपत नाही. ती पाळणाऱ्याची डबी बहुधा भरलेलीच राहते. बंधू-भगिनींनी डबी अवश्य बाळगावी, पण वैद्य व डॉक्टर यांचे काम तिच्यावर सोपवू नये, एवढीच आमची नम्र विनंती आहे.