अनेक हातांचे चित्र

खानदेशातील काळ्या जमिनीत कापूस पिकतो. धुळे व जळगाव जिल्ह्यांतील शेतकरी पावसाच्या तोंडावर सरकी लावतो. बोंडे फुटली, की बायका ओटीत कापूस वेचतात. पुढे जिनमध्ये सरकी वेगळी होते, कापसाच्या गाठी बांधल्या जातात, गिरणीत सूत निघते, मागावर कापड विणले जाते, रंगारी ते रंगवतो आणि शिंपी ते शिवतो. इतके झाले, म्हणजे एका मुलाच्या अंगात एक सदरा येतो. सदरा घालताना मात्र यांपैकी एकही माणूस त्या मुलाच्या डोळ्यांसमोर नसतो.

जी गोष्ट सदऱ्याची, तीच कार्टून चित्रपटाची. पडद्यावर चित्रातली चिमणी उडते, उंदीर धावतो, मुले नाचतात. पाहणाऱ्याला ती चिमणी आपोआप उडाल्यासारखी वाटते. वास्तविक तिच्या पंखांची प्रत्येक हालचाल कोणीतरी हाताने काढलेली असते, कोणीतरी रंगवलेली असते आणि कोणीतरी कॅमेऱ्याने टिपलेली असते. हे हात किती असतात आणि ते कोणकोणते काम करतात, हे एका प्रसिद्ध चित्रपटाच्या उदाहरणाने चांगले समजते.

त्या चित्रपटाचे नाव ‘एक, अनेक और एकता’. भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजन या संस्थेने तो १९७४ साली काढला. त्याची लांबी अवघी सात मिनिटांची. परंतु दूरदर्शनवर तो इतक्या वेळा दाखवण्यात आला, की १९७० नंतरच्या दोन-अडीच दशकांत वाढलेल्या असंख्य मुलांना त्यातले गाणे तोंडपाठ झाले. त्यात एक लहान मुलगा आपल्या बहिणीला विचारतो, की एक म्हणजे काय आणि अनेक म्हणजे काय. ती त्याला आकाशाकडे पाहावयास सांगते. सूर्य एक, चंद्र एक. तारे मात्र अनेक. मग ती त्याला पक्ष्यांची गोष्ट सांगते. दाणे टिपण्यास उतरलेले पक्षी पारध्याच्या जाळ्यात सापडतात. एकेकट्याने कितीही धडपड केली, तरी जाळे सुटत नाही. तेव्हा सारे पक्षी एकदम बळ लावून जाळ्यासकट उडतात आणि आपल्या मित्र उंदरांकडे जातात. उंदीर जाळे कुरतडून त्यांना मोकळे करतात. ही कथा पंचतंत्रातील चित्रग्रीव कबुतराच्या कथेवरून सुचलेली आहे, हे जाणत्या वाचकाच्या सहज ध्यानात येईल.

हा चित्रपट विजया मुळे यांनी दिग्दर्शित केला. त्यांचा जन्म १९२१ साली मुंबईस झाला. शिक्षण आणि चित्रपट ही त्यांच्या आवडीची दोन क्षेत्रे होती. १९५९ साली देशातील चित्रपट-मंडळ्यांचा संघ स्थापन झाला, तेव्हा सत्यजित राय यांच्याबरोबर काम करणाऱ्यांत त्याही होत्या. स्नेही मंडळी त्यांना ‘अक्का’ म्हणत. लहान मुलांना उपदेशाचे व्याख्यान आवडत नाही, गोष्ट आवडते, हे अक्कांनी ओळखले होते. म्हणून एकतेसारखा मोठा विषय त्यांनी भावंडांच्या बोलण्यातून मांडला.

परंतु दिग्दर्शकाच्या मनातील कल्पना म्हणजे चित्रपट नव्हे. तिला आधी शब्द हवे होते. ते पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांनी लिहिले. मौद्गल्य हे संगीताचे नामवंत गुरू. दिल्लीतील गांधर्व महाविद्यालय त्यांनी १९३९ साली स्थापन केले. शब्द तयार झाले, तरी गाणे झाले नव्हते. शब्दांना चाल हवी होती. ती वसंत देसाई यांनी दिली. देसाई मूळचे कोकणातील कुडाळ भागातले. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीत त्यांनी उमेदवारी केली आणि पुढे व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ यांसारख्या चित्रपटांना संगीत दिले. ‘गुड्डी’ या १९७१ सालच्या चित्रपटासाठी त्यांनी बसवलेली प्रार्थना पुढे कितीतरी शाळांत म्हटली जाऊ लागली. मुलांच्या गळ्याला पेलेल अशी सोपी, पण मनात घर करणारी चाल कशी बांधावी, हे त्यांना उत्तम साधले होते. गाण्यास बालस्वर हवा होता. तो दाभोळला जन्मलेल्या साधना घाणेकर या मुलीने दिला. हीच मुलगी पुढे साधना सरगम या नावाने प्रसिद्ध पार्श्वगायिका झाली.

आता चित्रे काढावयाची होती. ते काम भीमसैन यांच्याकडे होते. त्यांचा जन्म १९३६ साली मुलतान येथे झाला. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब लखनौला आले. तेथे त्यांनी चित्रकला व शास्त्रीय संगीत या दोहोंचा अभ्यास केला. पुढे मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्ये ते पार्श्वचित्रे रंगवण्याचे काम करू लागले आणि राममोहन यांच्या हाताखाली चित्रे हलती करण्याची कला शिकले. ज्याला संगीताचा ठेका कळतो, त्याला चित्रातील पावलांचा ठेकाही कळतो. भीमसैन यांना या दोन्ही विद्या अवगत होत्या.

चित्र हलते कसे? वस्तुतः एकही चित्र हलत नाही. चित्रपटाच्या फितीवर स्थिर चित्रे एकापुढे एक असतात आणि एका सेकंदात अशी २४ चित्रे पडद्यावरून जातात. ती इतक्या वेगाने जातात, की डोळ्यांना ती निरनिराळी दिसत नाहीत. एकच चित्र हलत आहे असा भास होतो. सात मिनिटांचे ४२० सेकंद होतात आणि त्यांस २४ ने गुणले, की १०,०८० हा आकडा येतो. सात मिनिटांच्या फितीवर इतकी छायाचित्रे घ्यावी लागतात. बहुधा प्रत्येक रेखाचित्राची दोन छायाचित्रे घेतात. तरीही एका सतत हलणाऱ्या आकृतीसाठी पाच हजारांवर रेखाचित्रे लागतात. आणि जाळ्यात तर एक चिमणी नसते, अनेक असतात!

एवढे काम एका माणसाने करावयाचे म्हटले, तर वर्षे लोटतील. म्हणून त्या काळी हाताने काढलेल्या कार्टून चित्रपटांत कामाची वाटणी होत असे. गाणे व संवाद आधी ध्वनिमुद्रित करीत. कोणता शब्द कितव्या चित्राला येतो, याचा तक्ता तयार होई. मुख्य चित्रकार हालचालीतील महत्त्वाची चित्रे काढी. चिमणीचे पंख वर आहेत, हे एक चित्र. पंख खाली आले, हे दुसरे. या दोहोंमधली चित्रे त्याचे साहाय्यक काढीत. कागदाच्या कडेला भोके पाडलेली असत आणि ती मेजावरच्या खुंट्यांत अडकवलेली असत. त्यामुळे एका चित्रावर दुसरे तंतोतंत बसे. नंतर ही चित्रे काचेसारख्या पारदर्शक तक्त्यांवर शाईने गिरवली जात. रंग भरणारे कारागीर तक्त्याच्या मागील बाजूने रंग भरीत, म्हणजे पुढची रेषा झाकली जात नसे. झाडे, आकाश व घरे यांचे पार्श्वचित्र वेगळा चित्रकार रंगवी. त्या पार्श्वचित्रावर तक्ते ठेवून छायाचित्रकार वरून एकेक छायाचित्र घेई. शेवटी संकलक चित्रांची व ध्वनीची फीत जुळवी.

या साखळीतील कोणतेही काम हलके नव्हते. समजा, रंग भरणाऱ्याने एका तक्त्यावर चिमणीच्या पंखाला दुसराच रंग लावला. पडद्यावर ते चित्र डोळ्याचे पाते लवण्याच्या आत निघून जाईल. परंतु तेवढ्यात पंख लुकलुकल्यासारखा दिसेल आणि पाहणाऱ्याचे चित्त गोष्टीवरून उडेल. पाच हजार चित्रे बरोबर काढूनही एका चुकीने रसभंग होई. म्हणून ज्याचे नाव पडद्यावर कधीच येणार नव्हते, त्यालाही आपले काम तितक्याच काळजीने करावे लागे.

ही विद्या आपल्याकडे एका दिवसात आली नाही. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी बीजापासून रोप कसे वाढते, हे थोड्या थोड्या अवधीने एकेक छायाचित्र घेऊन १९१२ साली पडद्यावर दाखवले होते. पुढे त्यांनी आगकाड्याही पडद्यावर नाचवल्या. एकट्याचा उद्योग म्हणून ज्याचे कौतुक होते, त्यातही त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरकाम सांभाळून फितीला भोके पाडण्याचे व ती धुण्याचे काम करीत असत. १९५६ साली मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. तेथे अमेरिकेतील डिस्ने कंपनीत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी भारतीय तरुणांस शिकवले. राममोहन त्या तरुणांपैकी एक. वीक्स यांनी राममोहन यांस शिकवले, राममोहन यांनी भीमसैन यांस शिकवले. असे गुरुजनही चित्रपटाच्या कर्त्यांतच मोजावे लागतात.

चित्रपट तयार झाला, तरी तो मुलांपर्यंत पोचावयास हवा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी त्याचे कार्यक्रम खानदेशापर्यंत पोचत नसत. १९८४ च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली, तेव्हा दूरदूरच्या गावांतील मुले शेजाऱ्याच्या ओसरीवर दाटीवाटीने बसून दूरदर्शन पाहू लागली. मनोरे उभारणारे, यंत्रे सांभाळणारे व वेळेवर फीत लावणारे लोकही या कामात भागीदार होते.

जळगावपासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर अजिंठ्याची लेणी आहेत. सोळाव्या लेण्यात शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने ते लेणे करविले, असे त्यावरून कळते. दान देणाऱ्याचे नाव दगडावर राहिले. भिंतीवर चित्रे रंगवणाऱ्यांची नावे मात्र कोणी कोरून ठेवली नाहीत. त्यांचे काम पाहण्यासाठी आज जगभरातून माणसे येतात. पण त्यांस कोणत्या नावाने आठवावे, हे कोणी सांगू शकत नाही.

चित्रपटाच्या आरंभी वा अखेरीस नावांची यादी येते, ती अशी विस्मृती होऊ नये म्हणून. बहुतेक प्रेक्षक ती येताच उठू लागतात. वसंत देसाई १९७५ साली, भीमसैन २०१८ साली आणि विजया मुळे २०१९ साली निवर्तल्या. आज पडद्यावरची चिमणी तशीच उडते आहे. जाळे उचलताना कोणत्या पक्ष्याने किती जोर लावला, हे गोष्टीत सांगितलेले नाही. परंतु त्यांतील काहींनी आळस केला असता, तर जाळे जमिनीवरच राहिले असते. तो चित्रपट घडविणाऱ्यांचेही असेच आहे. पडद्यावरील नावे दोन मिनिटे बसून वाचणे, हे त्यांचे ऋण मान्य करण्यासारखेच आहे.

स्वाध्याय

१. सदरा आणि कार्टून चित्रपट यांत लेखात कोणते साम्य दाखवले आहे?
२. सात मिनिटांच्या चित्रपटास १०,०८० छायाचित्रे का लागतात? दहा मिनिटांच्या चित्रपटास किती लागतील?
३. पुढील कामे करणारांची नावे सांगा : दिग्दर्शन, गीतलेखन, संगीत, गायन, चित्रे.
४. रंग भरणाऱ्याच्या एका चुकीने काय घडू शकते?
५. अजिंठ्याच्या शिलालेखाचा उल्लेख लेखात कशासाठी आला आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : तोंडपाठ होणे, मनात घर करणे, रसभंग होणे.
७. तुमच्या गावातील अनेकांच्या हातांनी तयार होणाऱ्या एखाद्या वस्तूची माहिती मिळवा आणि ती तयार करणाऱ्यांची कामे क्रमाने लिहा.