पाण्यावरचा वेग : धोका कुणाचा?

मोटारबोटीचा वेग दुप्पट झाला की तिची गतिज ऊर्जा चौपट होते. नाकाखाली शिरणाऱ्या हवेची उचलही सुमारे चौपट होते. 4 जानेवारी 1967 रोजी इंग्लंडमधील कॉनिस्टन सरोवरावर विक्रमासाठी धावणारी डोनाल्ड कॅम्पबेल यांची नौका ताशी सुमारे 480 किलोमीटर वेगात उचलली जाऊन उलटली, ते दगावले. तो धोका त्यांनी स्वतः पत्करला होता.

18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात इंजिनाच्या चाचणीवरील नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर आदळली. 15 जणांचे प्राण गेले. प्रवाशांनी मात्र कोणताही धोका पत्करला नव्हता.

म्हणून वेगाची कसोटी राखीव पाण्यातच घ्यावी, मिरकरवाड्यासारख्या गजबजलेल्या बंदरात नव्हे. ताशी 20 ऐवजी 60 किलोमीटर वेगाने बोटीची ऊर्जा किती पट होईल? गणित करून पाहा.